अलास्का हायवेवर आरव्ही न्यायचीय? आधी गाडी हलकी करा

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन उत्तरेला जायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात माणूस खरेदीच्या मागे लागतो. सोलर पॅनेल, बाहेर टांगायचे दिवे, घडीच्या खुर्च्या, कॉफीचं एखादं नवीन यंत्र. मीही हेच केलं होतं. पहिल्या फेरीत त्यातलं निम्मं सामान खोक्यातून बाहेरही आलं नाही. जे रोज लागलं, म्हणजे पान्यांचा संच आणि स्क्रूंची डबी, ते सगळ्या खुर्च्यांच्या मागे, अगदी तळाशी होतं.

या रस्त्यावर गाडीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हादऱ्यांचा, आणि गाडी जितकी जड तितके हादरे महागात पडतात. म्हणून पैसे आणि वेळ कुठे घालवायचा ते आधी ठरवा: टायर, वजन, घट्ट केलेले स्क्रू. बाकीचं जमेल तसं.

रस्ता असा का आहे

अलास्का हायवे कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो, युकॉनमधून जातो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. आजची लांबी साधारण २,२०० किलोमीटर. पण सिॲटलहून निघालात तर डॉसन क्रीकला पोचायलाच सुमारे १,३०० किलोमीटर लागतात, हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. (जीपीएसमध्ये 'डॉसन' टाकताना सांभाळा. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी या दोन गावांत जवळजवळ दोन हजार किलोमीटरचं अंतर आहे.)

हा रस्ता १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर तुकड्यांनी युद्धाच्या घाईत, मार्च ते ऑक्टोबर एवढ्या काळात काढला. उत्तरेकडच्या भागात जमिनीखाली कायमचा गोठलेला थर आहे. वरचं शेवाळ आणि झाडोरा खरवडला की तो थर वितळायला लागतो आणि त्याचा चिखल होतो. तेव्हा सैनिकांनी ओंडके आडवे टाकून त्यावरून रस्ता नेला. आज बहुतेक ठिकाणी डांबर आहे, पण खालची जमीन तीच आहे. काही ठिकाणी ती खचते, काही ठिकाणी फुगते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक आणि पुढे अलास्काच्या सीमेपर्यंतचा पट्टा यासाठी प्रसिद्ध आहे. लांबून सपाट दिसतो. मग अचानक पुढची चाकं खाली जातात, मागची वर येतात, आणि मागच्या कपाटातली भांडी एकदम बोलायला लागतात. लांब शेपटाच्या मोटरहोमचा (म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीचा) मागचा भाग किंवा मागे ओढायच्या ट्रेलरचं हुक इथे जमिनीला घासतं. ताशी ५०-६० किलोमीटर पुरे. कुठे कुठे त्याहून कमी.

जायचे महिने जून ते सप्टेंबरची सुरुवात. मे महिन्यात वाटेतल्या बऱ्याच जागा उघडलेल्या नसतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून कॅम्पग्राउंडं बंद होऊ लागतात. ऑगस्टच्या शेवटी रात्री पाणी गोठू शकतं.

तीन महिने आधी: कागद

अमेरिकेतल्या खालच्या राज्यांतून अलास्काला गाडीने जाऊन परत यायचं म्हणजे सीमा चार वेळा ओलांडायची. ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही चालू तारखेचे हवेत. एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. शिवाय अमेरिकेत परत शिरायची कागदपत्रं नीट आहेत का, हे वकिलाला किंवा कंपनीच्या माणसाला निघण्याआधी विचारा, सीमेवर उभं राहून नाही.

गाडी भाड्याची असेल तर कॅनडात न्यायची परवानगी लेखी घ्या. खडीच्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांत मनाई असते, म्हणजे डेम्पस्टर हायवेसारखे रस्ते यादीतून गेले. स्वतःची गाडी असेल तर विमा कॅनडात चालतो का ते पाहा आणि तसं कार्ड मागवून घ्या. कुत्रा असेल तर रेबीजच्या लसीचा दाखला. जळाऊ लाकूड सोबत नेऊ नका, त्यातून कीड पसरते म्हणून सीमेवर अडवतात. अस्वलांसाठीचा स्प्रे, ज्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं, तो चालतो. माणसांवर मारायचा पेपर स्प्रे कॅनडात बेकायदा आहे.

दोन महिने आधी: काट्यावर जा

हे काम कोणालाच आवडत नाही आणि म्हणूनच राहून जातं. आरव्हीच्या दाराजवळ एक स्टिकर असतो. गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन टाकता येतं ते त्यावर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचलं की आकडा बराच वाटतो. मग लक्षात येतं की पाणीसुद्धा त्यातच धरायचं असतं. १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो गेले. चार माणसं, त्यांचे कपडे, महिन्याचा शिधा, सायकली, डबे, पाने… हिशेब झटकन संपतो.

गाडी प्रवासाला निघताना जशी भरणार तशी भरा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं) वजन वेगवेगळं मिळतं, आणि ते वेगळंच हवं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलवर जास्त भार असू शकतो, कारण सगळं जड सामान आपण मागच्या कप्प्यात कोंबतो. ट्रेलर ओढत असाल तर हुकवर येणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. त्याहून कमी पडलं तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. तो डोलू लागल्यावर काय करायचं हे वाचून शिकण्यापेक्षा सामान पुढे सरकवून ठेवलेलं बरं.

मग काढायला लागा. माझा नियम: प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं, ही वाटेत बिघडली किंवा हरवली तर मी गावात थांबून नवीन घेईन का? उत्तर 'नाही' आलं तर ती घरी. जाड काचेच्या बरण्या, दुसरी इस्त्री, पाच पातेली, सगळी घरी. कुकर मात्र न्या. त्याने गॅस वाचतो आणि उत्तरेत गॅस वाचवण्यासारखाच असतो.

टायर: इथे चिक्कूपणा करू नका

आरव्हीचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. वर्षातले नऊ महिने गाडी उभी असते, नक्षी नव्यासारखी दिसते, आणि आतला रबर कडक झालेला असतो. टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी हा पूर्ण क्रमांक टायरच्या आतल्या बाजूला असतो, मग गाडीखाली टॉर्च घेऊन लोळावं लागतं. लोळा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर घेऊन मी या रस्त्यावर जाणार नाही, नक्षी कितीही चांगली असो. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील तर वय विचारायचीही गरज नाही.

स्टेपनी आहे का ते बघा. बऱ्याच मोठ्या मोटरहोमना ती दिलेलीच नसते. ट्रेलरवाल्यांनी दोन न्याव्यात. जॅक तुमच्या भरलेल्या गाडीचं वजन उचलतो का, पाना तुमच्या नटांना बसतो का, हे घरासमोर एकदा चाक खरंच काढून बघा. हवेचा छोटा पंप घेताना त्यावरचा दाबाचा आकडा वाचा. आरव्हीच्या टायरला ८० पीएसआय किंवा जास्तही लागतं आणि स्वस्तातले पंप तिथपर्यंत पोचता पोचता तापून बंद पडतात. हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी मोजायची.

मागे जोडचाकं असतील तर आणखी एक सवय लावा. खडीच्या पट्ट्यातून बाहेर आलात की उतरून दोन टायरांच्या मधे बघा. मुठीएवढा दगड तिथे अडकून बसतो, आणि गाडी चालत राहते तसा तो दोन्ही टायरांच्या भिंती घासत राहतो. मागून येणाऱ्याच्या काचेवर तो सुटला तर वेगळीच कथा.

ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं निघण्याआधी उघडून, साफ करून, नवं ग्रीस भरून घ्या. सुट्या बेअरिंगचा एक जोड सोबत ठेवा. हा सुटा भाग किलोभरही नाही, पण वाटेत मिळवायचा म्हणजे दोन-तीन दिवस एका गावात मुक्काम ठोकावा लागू शकतो. चाक काढून परत बसवलं की पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळला ते, दाखवणारा पाना त्यासाठीच घ्या.

आतलं सगळं घट्ट करा

आरव्हीचं फर्निचर पातळ लाकडाचं आणि छोट्या स्क्रूंचं असतं. एक शनिवार काढा, हातात स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दारापासून सुरुवात करून प्रत्येक बिजागरी, कडी, रूळ आणि पडद्याची दांडी हलवून बघा. जिथे स्क्रू फिरतच राहतो, पकडत नाही, तिथे भोकात गोंद लावलेली टूथपिक ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू परत बसवा. मोठ्या ड्रॉवरना स्वस्तातल्या चुंबकाच्या कड्या असतात, त्या हादऱ्यात उघडतात. लहान मुलांपासून कपाट बंद ठेवायच्या कड्या मिळतात, त्या लावा.

आमच्या पहिल्या फेरीत मसाल्याच्या कपाटाची कडी अशीच सुटली. हळदीचा डबा आतल्या आत आडवा झाला आणि त्याचं झाकण उडालं. संध्याकाळी दार उघडलं तर ताटं, पुस्तकं, मुलाचे मोजे, सगळं पिवळं. ते मोजे अजून पिवळेच आहेत. आता मसाले फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत असतात, बाटल्या टोपलीत, आणि टोपली कपाटाच्या तळाला. ताटांच्या मधे जुन्या टी-शर्टचे तुकडे. रबराची जाळीदार चटई प्रत्येक फळीवर अंथरा, तेवढ्यानेही निम्मा खडखडाट थांबतो.

गाडीखालीही बघा. पाण्याचे नळ आणि वायरी जिथे लोंबतात तिथे त्या बांधून टाका. सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह दगडाने फुटला तर काय होतं, ते सांगायला नको.

हत्यारांची यादी मोठी नाही: पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू, प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्या, नळीवरच्या क्लिपा, डक्ट टेप, छपराच्या फटींवर लावायची चिकटपट्टी, सगळ्या प्रकारचे फ्यूज आणि व्होल्ट मोजायचं मीटर. हे सगळं दाराजवळच्या कप्प्यात. खुर्च्या त्याच्या मागे.

गॅस, बॅटरी आणि हीटरचं गणित

नवीन लोक इथे हमखास फसतात. हीटर गॅसवर चालतो म्हणून गॅस भरला की रात्रीची काळजी मिटली असं वाटतं. पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. तो साधारण ८ अँपिअर घेतो असं धरा. थंड रात्री आठ तासांत तो मिळून चार तास फिरला तर ३२ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या ॲसिडच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे ५० मधले ३२ एका हीटरने खाल्ले. पहाटे चारला पंखा हळू होतो, हीटर बंद पडतो, आणि सगळे गॅस संपला म्हणून सिलिंडर हलवत बसतात.

दोन बॅटऱ्या हव्यात, किंवा एक लिथियम. पण लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, त्यामुळे ती बाहेरच्या डब्यात न ठेवता आत ठेवा किंवा स्वतःला गरम ठेवणारी घ्या. सोलर चालतं. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला जूनमध्ये दिवस एकोणीस तासांचा असतो. पण सूर्य फारसा वर चढत नाही आणि झाडांच्या सावलीत उभं राहिलात तर पॅनेल छपरावरचं नुसतं ओझं.

सिलिंडरची तारीख बघा. मुदत उलटलेला सिलिंडर कोणी भरून देत नाही. गॅस गळतीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दोन्हींना मुदत असते, ती मागे छापलेली असते. गॅसचा अलार्म जमिनीजवळ असतो कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. त्याच्यासमोर चपलांचा ढीग लावू नका. आणि शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही, कधीच नाही. विषारी वायूचा धोका तर आहेच, शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड खिडक्यांवर आणि गादीखाली साठते, आणि आठवड्यात गादीला बुरशी येते. छताची खिडकी रात्री दोन बोटं उघडी ठेवा, थंडी असली तरी.

पाणी

पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र नळी, तिला फिल्टर, आणि संडासाच्या नळीसाठी वेगळे हातमोजे. टाकी रिकामी करायच्या जागेला कॅनडात सॅनी-डंप म्हणतात, पाटी ओळखता आली की झालं. पाणी पूर्ण भरून फिरू नका, दीड दिवसाचं ठेवा. रात्री गोठण्याची शक्यता असेल तर बाहेरची नळी काढून आत घ्या. प्रवास संपल्यावर नळांत घालायचं अँटिफ्रीझ आरव्हीसाठीचंच, बहुतेक गुलाबी रंगाचं. मोटारीच्या रेडिएटरचं विषारी असतं, ते पाण्याच्या नळांत चुकूनही घालायचं नाही.

काच, धूळ, डास, उजेड

समोरच्या काचेला टवका उडेलच असं समजून चाला. खडीच्या पट्ट्यात समोरून ट्रक आला की वेग कमी करा आणि उजवीकडे सरका. टवका उडाला की लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे त्यात धूळ जात नाही, आणि पुढच्या मोठ्या गावात भरून घ्या. रात्रीच्या थंडीत तो लांबत जातो. युकॉनमध्ये हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचा कायदा आहे. धुळीत त्याचा अर्थ आपोआप कळतो.

खिडक्यांच्या जाळ्या तपासा, एकेक भोक बुजवा. डास उत्तरेत एवढे असतात की दार उघडून बोलत उभा राहिलेला माणूस घरच्यांचा शत्रू होतो. आणि खिडक्यांच्या मापाची चंदेरी इन्सुलेशन शीट कापून न्या. रात्री अकराला बाहेर लख्ख उजेड असेल तर मुलं झोपत नाहीत, आणि मुलं झोपली नाहीत तर सकाळी कोणीच गाडी चालवू शकत नाही.

इंधन आणि संपर्क

टाकी निम्मी झाली की भरायची. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक सुमारे ५२० किलोमीटर आहे. मधे पंप आहेत, पण छोट्या जागा कधी बंद असतात तर कधी त्यांच्याकडचं इंधन संपलेलं असतं. याच पट्ट्यात लिआर्डच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ रानरेडे (बायसन) रस्त्याच्या कडेला चरत असतात आणि मंचो लेकजवळ मेंढ्या क्षार चाटायला थेट रस्त्यावर येतात. संध्याकाळ पडल्यावर इथे गाडी चालवू नका, मोठ्या बायसनला धडकली तर गाडी हरते.

कॅनडात इंधन लिटरमध्ये, एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. पाट्या किलोमीटरमध्ये. गावं सोडली की फोनला रेंज नसते, कधी शंभर-दोनशे किलोमीटर. नकाशे आधी उतरवून ठेवा, कागदी नकाशाही ठेवा, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं एखादं यंत्र घ्या. इतक्या वस्तू काढायला सांगितल्या, ही मात्र घ्याच. रेंज मिळेल तिथे ड्राइव्हबीसी आणि ५११ युकॉन उघडून रस्त्याची स्थिती बघायची. उन्हाळ्यात वणव्यामुळे रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून वेळापत्रकात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

निघण्याआधी रंगीत तालीम

घरापासून तासाभरावर एखादं कॅम्पग्राउंड गाठा, वीज-पाण्याची जोडणी न घेता दोन रात्री राहा. हीटर रात्रभर चालवा, रोज अंघोळ करा, स्वयंपाक करा. सकाळी बॅटरीचे व्होल्ट लिहून ठेवा. परत येताना मुद्दाम खराब रस्ता निवडा आणि घरी पोचल्यावर काय काय सुटलं, उघडलं, सांडलं त्याची यादी करा. पहिल्या तालमीत काहीच बिघडलं नाही तर समजा की रस्ता पुरेसा खराब नव्हता.

वाटेत रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी: पायरी आत, अँटेना खाली, छताच्या खिडक्या बंद, टायर, हुक, दिवे, जमिनीवर तेलाचा डाग. पाच मिनिटं लागतात. डॉसन क्रीकला, खडीनंतर आणि लाटांच्या पट्ट्यानंतर स्क्रूड्रायव्हर घेऊन आतलीही एक फेरी.

आणि गाडी धुवा, घरी पोचायची वाट न बघता. खडीच्या पट्ट्यांवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते चिखलात मिसळून गाडीखाली सिमेंटसारखं बसतं आणि गंज धरवतं. अलास्कातल्या टोक नावाच्या गावात किंवा व्हाइटहॉर्सला जोरदार पाण्याचा फवारा मिळतो. वरून चकचकीत करण्याची काही गरज नाही. नळी गाडीखाली घाला, ब्रेक आणि चाकांच्या आतल्या बाजूने फिरवा, आणि खालून पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.